डिकीतले पिस्तूल आणि राज्याची सीमा : अमेरिकेचा १९८६ चा कायदा

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातला एक नेमबाज पेनसिल्व्हेनियातील स्पर्धेसाठी मोटारीने निघाला आहे. व्हरमाँटमध्ये पिस्तूल बाळगण्यास परवाना लागत नाही. वाटेत न्यूयॉर्क राज्य लागते. तेथे १९११ च्या सुलिव्हन कायद्यापासून पिस्तुलासाठी परवाना सक्तीचा आहे. मग केवळ सीमा ओलांडल्याने हा नेमबाज गुन्हेगार ठरतो का?

हा पेच अमेरिकी संघराज्याच्या रचनेतून निर्माण झाला. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी आहे; परंतु २०१० पर्यंत सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांवर बंधनकारक मानली नव्हती. त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये केंद्राने बंदुकांच्या आंतरराज्य विक्रीवर कडक निर्बंध घातले. प्रवाशाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

१९ मे १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शस्त्रधारक संरक्षण कायद्यावर सही केली. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रवासाविषयीच्या कलमाची भाषा दुरुस्त झाली. त्या कलमाच्या अटी नीट लक्षात घ्या. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या, दोन्ही ठिकाणी ते शस्त्र जवळ बाळगणे कायदेशीर हवे. शस्त्रात गोळ्या भरलेल्या नसाव्यात. शस्त्र आणि काडतुसे प्रवाशाच्या सहज हाताशी नसावीत. गाडीला वेगळी डिकी नसेल, तर ती कुलूपबंद पेटीत ठेवावीत. डॅशबोर्डचा कप्पा त्यासाठी चालत नाही. या अटी पाळल्यास वाटेतल्या राज्याचा कायदा आड येत नाही. म्हणजे आपला नेमबाज न्यूयॉर्कमधून जाऊ शकतो. तेथे मुक्काम ठोकू शकत नाही.

पण ‘प्रवास’ नेमका कुठे थांबतो? २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका विमानप्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे चुकले. सामान हाती आले आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने पेटीत पिस्तूल असल्याचे स्वतःहून सांगितले आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की हॉटेलात रात्रभर पिस्तूल त्याच्या हाताशी होते, म्हणून संरक्षण लागू नाही. त्याची अडचण न्यायालयाने मान्य केली. पण कलमाचे शब्द बदलण्यास नकार दिला.

आता आपल्याकडे पाहा. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय संघ सूचीत, नोंद ५ मध्ये आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम देशभर लागू आहे आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे परवान्यावरच नमूद असते. भारतात प्रवासी परवाना पाहतो. अमेरिकेत त्याला नकाशाही पाहावा लागतो.

म्हणून या कलमाकडे केवळ बंदुकांचा नियम म्हणून पाहू नका. आपल्या हद्दीतील सुरक्षितता राखण्याचा राज्याचा अधिकार आणि देशभर निर्धोक फिरण्याचा नागरिकाचा हक्क यांत काढलेली ती तडजोड आहे. न्यूअर्कच्या त्या प्रवाशाबाबत ही तडजोड न्याय्य ठरली का? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहून पाहा.