"नागपूरला पाठवा" म्हणण्याआधी हे वाचा

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी जरा वेगळं वागायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "याला नागपूरला पाठवा." नागपुरात पागलखाना चौक आहे, तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. पण पाठवायचं कोणी, कोणाच्या हुकमानं आणि किती दिवसांसाठी? या तीन प्रश्नांची उत्तरं कायद्यानं पुन्हा पुन्हा बदलली. लोकांच्या डोक्यात मात्र अजून पहिलंच उत्तर बसलंय. म्हणून ही पोस्ट थोडी लांब आहे.

पहिला कायदा १८५८ चा. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं ते वर्ष. रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा माणूस पोलिसानं पकडायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, तिथून त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात. माणूस बरा होण्यापेक्षा रस्ता मोकळा होण्याची काळजी जास्त.

१९१२ च्या कायद्यानं कागदपत्रं वाढवली. नातेवाइकांनी अर्ज केला तर दोन डॉक्टरांचे दाखले लागू लागले. पण चावी मॅजिस्ट्रेटकडेच राहिली. हुकमावर आत जायची तारीख असायची, बाहेर यायची नसायची. देश स्वतंत्र झाला, चांद्याचं चंद्रपूर झालं, १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी कायदा तोच! १९८७ ला नवा कायदा मंजूर झाला, पण लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडलं. त्यानं 'वेडा' शब्द काढून 'मनोरुग्ण' केला, रुग्णाला सुटकेसाठी स्वतः अर्ज करायची सोय दिली. भरती मात्र अजूनही मुख्यतः कोर्टाच्या हुकमाचाच मामला होता.

त्याच १९९३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण डांबलेले होते. कोर्टानं सांगितलं, हे बेकायदा आणि घटनाविरोधी आहे. पुढे ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रमात आग लागली. रुग्ण साखळीनं बांधलेले होते, पळता आलं नाही. पंचविसाहून जास्त जीव गेले.

आता २०१७ चा कायदा आहे, २०१८ पासून लागू. यात मॅजिस्ट्रेट फक्त तपासणीसाठी पाठवू शकतो आणि त्यासाठी भरती करायला सांगितलं तर जास्तीत जास्त १० दिवस. पुढचं डॉक्टरांच्या तपासणीवर ठरतं. आधाराची खूप गरज असलेल्या रुग्णाला भरती करायचं तर दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासायचं. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्यानं जिवाला धोका, यातलं काही दिसलं पाहिजे. कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नसावा. मुदत ३० दिवस. पुढे वाढवायचं तर पुन्हा दोन मनोविकारतज्ज्ञ आणि पुनरावलोकन मंडळाची परवानगी. "बायको भांडते, हिला भरती करा" एवढ्यावर आता काही होत नाही.

पोलिसांचं कामही बदललं. भटकणारा रुग्ण ठाणेदारानं 'पकडायचा' नाही, संरक्षणात घ्यायचा. लॉकअपमध्ये ठेवायचा नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचा. 'जवळच्या' हा शब्द आपल्यासाठी फार मोलाचा आहे. सिरोंचाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. कायदा नागपूर म्हणत नाही, तो आधी आपला सरकारी दवाखाना म्हणतो. मग तिथल्या डॉक्टरला मानसिक आजाराचं प्रशिक्षण आहे का, गोळ्या आहेत का, हा प्रश्न आपण आमदाराला, जिल्हा परिषदेला विचारायला नको?

लोक आधी पुजाऱ्याकडे जातात, यावर मी हसणार नाही. पुजारी गावात असतो, डॉक्टर नसतो. पण घरात साखळीनं बांधणं चालणार नाही. कोणाचे असे हाल दिसले तर ठाण्यात कळवणं हे कायद्यानं प्रत्येकाचं काम आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो.

कायदा सुधारला म्हणून सगळं सुधारलं असंही नाही. बरे झालेले रुग्ण वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात पडून आहेत, हा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई हायकोर्टात न्यावा लागला. घरचे न्यायला येत नाहीत, हे त्यातलं मोठं कारण. आत पाठवायला आता दोन तज्ज्ञ, मंडळ, मुदत सगळं लागतं. बाहेर आणायला मात्र घराचं एक दार उघडावं लागतं, आणि ते कोणत्याही कोर्टाच्या हुकमानं उघडत नाही.

तुमच्या गावच्या दवाखान्यात मानसिक आजाराच्या गोळ्या मिळतात का? कमेंटमध्ये गावाचं नाव टाकून सांगा. रुग्णाचं नाव मात्र टाकू नका.