ओघवता

ओघवता (विशेषण, स्त्रीलिंगी ओघवती, नपुंसकलिंगी ओघवते) : धार न तुटता, एका दिशेने सहज वाहणारा. मूळ अर्थ पाण्याचा. पुढे वाणी, लेखन, गायन आणि अक्षर यांनाही तो लागू झाला.

संस्कृत ‘ओघ’ हा मवाळ शब्द नव्हे. प्रवाह, पूर आणि समूह हे त्याचे अर्थ असून ‘अमरकोशा’त तो समूहवाचक शब्दांत येतो. मदतीचा ओघ, भाविकांचा ओघ हे प्रयोग त्याच वळणाचे. पाली ग्रंथांत ओघ म्हणजे माणसाला वाहून नेणारा पूर. काम, भव, दृष्टी आणि अविद्या असे चार ओघ तिथे सांगितले आहेत. ‘संयुत्तनिकाया’च्या पहिल्याच सुत्तात बुद्धांना हा पूर कसा तरलात असे विचारले जाते. मध्येच न थांबता आणि न धडपडता, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. सहजतेची याहून नेमकी व्याख्या सापडणे अवघड. महाभारताच्या अनुशासनपर्वात सुदर्शनाची पत्नी ओघवती अर्ध्या देहाने नदी होते. नाट्यशास्त्रातील वाद्यवादनाच्या तीन रीतींपैकी ‘ओघ’ ही द्रुत लयीची. मराठीत मात्र वेगाची अट उरलेली नाही.

हा फरक महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळच्या गडहिंग्लजला नदीवरच दिसतो. आंबोलीजवळ उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्याहून इथे येते आणि पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. पावसाळा सरल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की पाणी अडते, संथ दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे निघतात आणि पाण्याला ओढ येते. ओढीचे पाणी माणसाला खेचते. ओघवते म्हणायला तेवढा जोर लागत नाही, धार अखंड असली की पुरते.

जवळचे शब्द : ‘अस्खलित’मध्ये न अडखळण्यावर भर आहे, तर ‘सुरळीत’ कामकाजाला आणि पाणीपुरवठ्याला शोभतो. ‘वाहवत जाणे’ हा दोष. त्यात दिशा सुटते. ‘ओघ’ याच मुळाचे ‘कालौघ’, ‘ओघाने आलेच’ आणि शाळेच्या पुस्तकांतला ‘ओघतक्ता’ हे प्रयोग रोजचे आहेत.

गडहिंग्लजच्या या सीमाभागात घरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या मराठीत कन्नड हेल आणि शब्द सहज मिसळतात. प्रमाणभाषेच्या कसोटीवर ती कुठे उणी ठरली, तरी तिला ओघवती न म्हणणे हा अन्याय आहे.