उज्जैन

उज्जैन (उज्जयिनी, अवंतिका) : मध्य प्रदेशातील माळव्याच्या पठारावर, क्षिप्रा नदीच्या पूर्व काठी वसलेले प्राचीन नगर व जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४९० मी.; इंदूरहून अंतर सुमारे ५५ किमी. सप्तपुऱ्यांपैकी एक. बारा ज्योतिर्लिंगांतील महाकालेश्वर येथे असून दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. महाराष्ट्रातून येथे वर्षभर यात्रेकरू येतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्या उपयोगाची आहे.

मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्री निघून बडोदा-रतलाममार्गे सकाळी उज्जैनला पोचते. पुणे भागातील प्रवाशांना दौंड–इंदूर गाडी सोयीची. विदर्भातून इटारसी-भोपाळमार्गे यावे लागते. रस्त्याने नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर हा जुना आग्रा रोड. त्यातील सेंधव्याजवळचा बिजासन घाट शक्यतो उजेडी उतरावा. जवळचे विमानतळ इंदूरचे. रेल्वे स्थानकापासून महाकाल मंदिर दीड-दोन किमी आहे. रिक्षा व ई-रिक्षा भरपूर मिळतात. भाडे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

तिकिटे काढण्याआधी मात्र पंचांगाचा उलगडा करून घ्यावा. मराठी माणसाची उज्जैनची यात्रा चुकते ती बहुधा इथेच. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात उज्जैन एक महिना पुढे असते. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तिथे फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची; दिवस तोच. नागपंचमी शुक्ल पक्षातली, म्हणून तिच्याबाबत घोटाळा होत नाही. श्रावण मात्र गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दिव्याची अवस यायला अजून पंधरवडा असतो तेव्हा. नारळी पौर्णिमेला तो संपतो आणि आपल्या श्रावणातले उरलेले सोमवार तिकडच्या भाद्रपदात जातात. चैत्रातल्या पंचक्रोशी यात्रेची फसगत याहून मोठी. उज्जैनच्या पत्रिकांत ती वैशाख कृष्ण दशमीपासून अमावास्येपर्यंत छापलेली असते. आपले पंचांग उघडून वैशाख वद्य दशमी शोधणारा पुरता एक महिना उशिरा पोचतो. ११८ किमीची ही पायी परिक्रमा भर उन्हाळ्यात होते. पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराकडून बळ मागून यात्रेकरू निघतात आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत करतात. वर्ष मोजण्यातही फरक आहे. आपण शालिवाहन शक लिहितो, तिथे उज्जयिनीच्या विक्रमादित्याच्या नावाचा संवत चालतो. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर.

महाकालाची पालखी मात्र या दोन पंचांगांना एकत्र बांधते. श्रावणातल्या सोमवारी दुपारी चारच्या सुमारास निघणारी ही सवारी तिकडचा श्रावण संपल्यावरही थांबत नाही. भाद्रपद कृष्ण अमावास्येपर्यंत, म्हणजे आपल्या पिठोरी अमावास्येपर्यंत, ती चालू राहते. मराठी श्रावणाचा एकही सोमवार त्यामुळे सुटत नाही. कार्तिकातील सवाऱ्याही मराठी रीतीप्रमाणे शुक्ल पक्षापासून धरतात. शिंदेशाहीत रुजलेली ही पद्धत मंदिराने आजवर जपली आहे, आणि मराठी यात्रेकरूने ती पाहायलाच हवी. पालखी रामघाटावर जाते, तेथे क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो आणि गोपाळ मंदिरावरून ती परत फिरते. मार्ग अरुंद बोळांचा आहे. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर शेवटची, सर्वांत मोठी सवारी टाळून पहिल्या-दुसऱ्या सोमवारी यावे आणि रामघाटाच्या पायऱ्यांवर दुपारीच जागा धरावी.

महाकालेश्वराचे लिंग दक्षिणाभिमुख आहे. मंदिर तीन मजली : खाली महाकालेश्वर, वर ओंकारेश्वर, त्यावर नागचंद्रेश्वर. हा तिसरा मजला वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतो. पहाटे चारच्या सुमारास होणाऱ्या भस्म आरतीसाठी मंदिर समितीच्या अधिकृत संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते. नावात साम्य असलेली खोटी संकेतस्थळे व मंदिराबाहेर ‘पास’ देऊ करणारे लोक यांच्यापासून सावध राहावे. मूळ ओळखपत्र जवळ हवे. पुरुषांना धोतर व स्त्रियांना साडी हा आरतीचा रिवाज. भस्म चढवण्याच्या क्षणी स्त्रियांना पदर डोळ्यांवर ओढायला सांगतात. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ही आरती पहाटे न होता दुपारी बाराला होते, वर्षातून त्या एकाच दिवशी. जुलै २०२३ पासून गर्भगृह सामान्य भाविकांसाठी बंद असून दर्शन समोरच्या मंडपांतून घ्यावे लागते. मोबाईल आत नेता येत नाही. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या ‘महाकाल लोक’ या रुद्रसागरालगतच्या सुमारे ९०० मी. लांब प्रांगणामुळे चालण्याचे अंतर वाढले आहे. दगडी फरशी उन्हात तापते आणि अनवाणी चालावे लागते, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत दर्शन उरकावे.

आज उभे असलेले मंदिर मराठ्यांचे आहे. १२३४-३५ मध्ये इल्तुत्मिशाच्या स्वारीत जुने देऊळ उद्ध्वस्त झाले. सुमारे पाचशे वर्षांनी, १७३० च्या दशकात, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी ते पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी मुक्काम ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. हरसिद्धी मंदिराच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा पाहताच जेजुरीची आठवण होते. नवरात्रात त्या पेटलेल्या पाहाव्यात. चौकातले गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधले. त्याची चांदीने मढवलेली दारे महादजींनी लाहोरहून परत आणल्याची परंपरागत कथा आहे. शिवनवरात्रात, म्हणजे महाशिवरात्रीपूर्वीच्या नऊ दिवसांत, महाकालाच्या आवारात नारदीय कीर्तन होते. महाराष्ट्रातली बहुतेक माणसे दर्शन घेऊन तासाभरात ओंकारेश्वरची गाडी पकडतात आणि हे सारे न पाहताच जातात, याचे वाईट वाटते. ओंकारेश्वर तेथून सुमारे १४० किमी आहे. दोन्ही ज्योतिर्लिंगे एका दिवसात करता येतात, पण तो दिवस सगळा गाडीतच जातो. उज्जैनला दोन रात्री तरी द्याव्यात.

रामघाटावर स्नान करणाऱ्यांनी साखळी सोडू नये. पावसाळ्यात काठावरची देवळे पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात क्षिप्रेला स्वतःचे पाणी फार थोडे उरते, म्हणून नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडले जाते. इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी त्रिवेणीजवळ तिला मिळते. तीर्थ म्हणून पाणी डोळ्यांना लावावे, पण प्यायला बाटलीतले किंवा उकळलेलेच घ्यावे. सिद्धवटावर पिंडदान व श्राद्ध, मंगळनाथावर मंगळाची भातपूजा होते. तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या वह्या असतात. मूळ गाव व आडनाव सांगितल्यास पूर्वजांची नोंद सापडू शकते. विधीची दक्षिणा व साहित्याचा खर्च संकल्प सोडण्यापूर्वीच बोलून घ्यावा. तसे करणे अनादराचे नाही. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात. सांदीपनी आश्रम, गढकालिका व भर्तृहरी गुंफा उत्तरेच्या एकाच फेरीत होतात. चिंतामण गणेश नदीपलीकडे आहे.

देवळांइतकाच वेळ वेधशाळेला द्यावा. प्राचीन ज्योतिषांनी रेखांशाची गणना उज्जयिनीपासून केली. कर्कवृत्तही जवळच, महिदपूर तालुक्यातील डोंगला गावातून जाते. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली यंत्रे माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवली आणि ती आजही वापरात आहेत. सम्राट यंत्राची सावली हातातल्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून ते बिघडले आहे असे समजू नये. उज्जैन भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पावणेसात अंश पश्चिमेला असल्याने तिथली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असते. तेवढी मिनिटे मिळवली की ऋतुमानाचा काही मिनिटांचा फरक सोडता वेळ जुळते. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी इथे पायांखालची सावली जवळजवळ नाहीशी होते.

हवा ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जानेवारीत पहाट कडक थंडीची असते, भस्म आरतीला शाल लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, रात्री मात्र माळव्याच्या, सुखद. सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण, सोबत जिलबी, दुपारी दालबाफले. उपवासाची साबुदाणा खिचडी गाड्यांवर मिळते, पण तिच्यावरही मसाला व फरसाणासारखे जिन्नस घालतात. कडक उपवास असेल तर आधी सांगावे. भैरवगडचे ठशांचे व बाटिकचे कापड तिथल्या कारागिरांकडूनच घ्यावे.

पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. गुरू सिंहेत असताना सूर्य मेषेत आला की उज्जैनचा, आणि सूर्यही सिंहेत आला की नाशिकचा. म्हणूनच दोन्ही सिंहस्थ जवळजवळ लागोपाठ येतात. नाशिकचा पावसाळ्यात, उज्जैनचा चैत्र-वैशाखाच्या उन्हात आणि वळवाच्या वाऱ्यात असतो. मागच्या खेपेला, ५ मे २०१६ रोजी, वादळी पावसात मंडप कोसळून माणसे दगावली. तेव्हा २०२८ मध्ये जाणाऱ्यांनी शाही स्नानाच्या आदल्या व दुसऱ्या दिवशीचा प्रवास टाळावा, तंबूऐवजी पक्क्या इमारतीत जागा धरावी, ती जवळ न मिळाल्यास देवास किंवा इंदूरला मुक्काम करावा. बरोबरच्या प्रत्येक मुलाच्या व वृद्धाच्या खिशात नाव, गाव व घरच्यांचा फोन नंबर देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. तिथले पोलीस व स्वयंसेवक ती सहज वाचू शकतात.