साताऱ्याची वाट, कोयनेचा चढ

बंद पडलेलं डेक्कन कॉलेज १९३९ च्या ऑगस्टमध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्याच वर्षी साताऱ्याहून द. ब. पारसनीसांचा ऐतिहासिक संग्रह तिथे आला आणि साताऱ्याचा भूतकाळ येरवड्याच्या दगडी इमारतीत मुक्कामाला राहिला. इरावती कर्वे संस्थेत रुजू झाल्या त्याही त्याच वर्षी. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवायला आलेल्या या बाईंनी पुढची तीस वर्षं वाट धरली ती उलट दिशेची. साताऱ्याचे कागद पुण्यात आले होते. साताऱ्याच्या माणसांकडे मात्र पुण्यानेच जायला हवं होतं.

त्यांच्या विभागाची सुरुवात शरीराच्या मापांपासून झाली. इरावतीबाईंनी १९३० साली बर्लिनहून डॉक्टरेट आणली ती कवट्यांच्या अभ्यासावर. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातींच्या शरीरमापांवर वि. म. दांडेकरांबरोबर केलेलं त्यांचं पुस्तक १९५१ मध्ये निघालं. पण माप घ्यायचं तर माणसाला समोर उभं करावं लागतं, आणि समोर उभा राहिलेला माणूस गप्प बसत नाही. तुम्ही कुठल्या, कुणाच्या, कशाला आलात, हे तो आधी विचारतो. त्याला उत्तर दिल्यावरच आपल्याला काही विचारायचा हक्क मिळतो. मला वाटतं, विभागाचं खरं शिक्षण इथे सुरू झालं.

मापांनंतर सोयरिकी आल्या. लेकी कुठल्या गावांना दिल्या, सुना कुठून आणल्या, भावकी कुठवर धरतात. उत्तर हिंदुस्थानात मामे-आत्येभावंडांची लग्नं निषिद्ध, दक्षिणेत ती पसंतीची. कृष्णाकाठच्या मराठा घरांत मामाची मुलगी करतात, आत्याची नको म्हणतात. महाराष्ट्र या दोन रीतींच्या सीमेवर बसलेला आहे, हे इरावतीबाईंच्या १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथातलं एक महत्त्वाचं प्रतिपादन. जुन्या धर्मग्रंथांत दक्षिणेच्या या चालीची नोंद आहेच. पण कुठल्या घरात ती पाळतात आणि कुठल्या पिढीत ती मोडली, हे कळायला ओट्यावर बसून एकेका कुटुंबाची वंशावळ मांडावी लागते. त्यातही पुरुषांना खापरपणजोबांची नावं येतात, आणि कोणती मावशी कुठे दिली ते बायकांना विचारावं लागतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत न पोचलेली वंशावळ अर्धीच राहते.

आषाढी वारीचा या वाटचालीत मोठा वाटा आहे. आळंदीची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. पादुकांना नीरास्नान, लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड. इरावतीबाई दिंडीबरोबर पायी चालल्या आणि त्यावर ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. दिनकर धोंडो कर्वे यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला आणि परदेशातल्या विद्यापीठांत वाचला जाऊ लागला. एका दिंडीत दिवसभर एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचं दुःख लपवलं नाही. निरीक्षण करणारा माणूस स्वतः कुठल्या पंगतीत बसतो, हाही निरीक्षणाचाच भाग असतो. मराठीत क्षेत्रकार्य शिकवायचं असेल तर मी कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी हा लेख विद्यार्थ्याच्या हातात देईन.

वारीच्या वाटेवरचं फलटण पुढे विभागाचं जवळजवळ दुसरं घर झालं. नाईक निंबाळकरांच्या संस्थानची ही जुनी राजधानी. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, साखरवाडीला कारखाना आला. गाव शहर होत असताना भोवतालच्या खेड्यांशी त्याचं नातं कसं बदलतं, याची पाहणी इरावतीबाई आणि जयंत रणदिवे यांनी केली. ती १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आली. बाजाराला कोण येतं, शाळेला कोण, दवाखान्याला कोण आणि लग्नाच्या खरेदीला कोण, अशा साध्या प्रश्नांवरच अशी पाहणी उभी राहते.

आणि मग कोयना. पाटण तालुक्यात धरण उभं राहिलं, शंभर टीएमसीहून अधिक पाणी साठवणारा शिवसागर भरला, आणि खोऱ्यातली भातखाचरं, गावठाणं, देवळं पाण्याखाली गेली. महाराष्ट्राच्या गिरण्यांना आणि घरांना वीज मिळाली. ज्यांच्या जमिनीवर ते पाणी साठलं त्यांचं काय झालं, हे विचारायला इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर गेल्या. ‘अ सर्व्हे ऑफ द पीपल डिस्प्लेस्ड थ्रू द कोयना डॅम’ हे पुस्तक डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये छापलं. धरणग्रस्तांची अशी पाहणी करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. हे काम मला विभागाच्या सगळ्या कामांत थोर वाटतं. घर मोजणं सोपं असतं. पण खाचर गेलं की भात जातं, भात गेलं की बलुत्याचं धान्य जातं, वाडीचे चार तुकडे झाले की भावकीला सुतकाचा निरोप वेळेत पोचत नाही. नुकसानभरपाईच्या तक्त्यात यातल्या कशालाच रकाना नसतो. काही कुटुंबं दूरच्या जिल्ह्यांत गेली, काही पाण्याच्या वर डोंगरउतारावर सरकली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने ते खोरंही हादरलं. पुढे त्याच उतारांवर १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. एकदा उठलेल्या माणसांपुढे पुन्हा उठण्याचा प्रश्न आला.

११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या. आज डेक्कन कॉलेज पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशासाठी ओळखलं जातं. मानवशास्त्राचा विभाग पुणे विद्यापीठात आहे. पण सातारा-सांगलीतलं काम थांबलं नाही, ते दुसऱ्या हातांत गेलं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या मागोमाग फिरले. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ चा. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बनातला बिरोबा हे धनगरांचं मोठं ठाणं. माणदेश आणि जतच्या कमी पावसाच्या माळांवरून मेंढरं घेऊन धनगरांचा वाडा हलतो, तसे देवही त्यांच्याबरोबर हलतात, हे सोन्थायमरांनी ओव्या ऐकून जुळवलं. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या दोन कथागीतांवर अ‍ॅन फेल्डहाउस, रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांनी केलेलं काम २०१४ मध्ये पुस्तक होऊन आलं. शिखर शिंगणापूरच्या कावडींवर फेल्डहाउस यांनी लिहिलं ते वेगळंच. चैत्रात मुंगी घाटाच्या कड्यावरून वर चढणारी कावड ज्याने पाहिली आहे, त्याला मुलूख म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

बाहेरून आलेले काहीजण परतलेच नाहीत. मॅक्सीन बर्नसन फलटणची बोली अभ्यासायला आल्या. कोण कसं बोलतं याच्या नोंदी घेताना शाळेबाहेर राहिलेली मुलं त्यांना दिसत राहिली. त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. इकडे सांगली जिल्ह्यात गेल ऑम्वेट कासेगावच्या झाल्या. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि भारत पाटणकरांबरोबर त्या मुक्ती संघर्ष आणि श्रमिक मुक्ती दलाच्या कामात राहिल्या. येरळेवरचं तांदूळवाडीचं बळीराजा धरण त्याच चळवळीतून उभं राहिलं. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच त्यांचं निधन झालं. कोयना धरणग्रस्तांची लढाई पुढे याच श्रमिक मुक्ती दलाने हाती घेतली. १९६९ च्या पुस्तकातली माणसं अशी कासेगावच्या वाटेने पुन्हा समोर आली.

कोयनेची दुसरी पाहणी आता व्हायला हवी, आणि ती पाटण, कराड, विट्याच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी करावी. रयत शिक्षण संस्थेचा जन्म १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याचा. तिच्या महाविद्यालयांत धरणग्रस्तांची नातवंडं शिकत असतील. त्यांनी आपल्याच आजीपासून सुरुवात करावी. बुडालेल्या वाडीत घरं कुठल्या क्रमाने होती, ग्रामदेवता कुणी उचलून आणली आणि कुठे बसवली, नव्या गावच्या जत्रेत आपल्याला मान आहे का, मुलगी द्यायला जुनी गावं अजून विचारतात का, मिळालेल्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे. आजी हयात असेपर्यंतच हे विचारता येईल.