कलकत्त्याचे बंदिवान आणि बाहेरचे जग

१० जून १९७६ रोजी कलकत्त्यातील सेंट पॉल्स कॅथिड्रलच्या आवारात जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले. जवळजवळ वर्षभर साऱ्या देशातील पोलीस त्यांच्या मागावर होते. मराठी वाचकास त्यांचा परिचय करून देण्याचे वस्तुतः कारण नाही. मंगळूरचे हे गृहस्थ १९४९ साली मुंबईस आले, टॅक्सीवाल्यांत व महापालिकेच्या कामगारांत मिसळून मराठीतून सभा गाजवू लागले, आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटलांसारख्या मातब्बर पुढाऱ्यास पाडले. १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपाचे ते सूत्रधार होते. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ते ओरिसाच्या किनाऱ्यावर गोपाळपूर येथे होते. तेथूनच ते भूमिगत झाले.

त्यांच्या अटकेने बाहेरच्या जगात जी खळबळ उडाली, ती का उडाली हे समजण्यास त्या वेळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात बहुमताने असा निर्णय दिला होता की, आणीबाणी चालू असेतो स्थानबद्धास आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधी मत दिले. त्यानंतर दोन-चार दिवसांतच जॉर्ज यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरात धरून त्यांचा अमानुष छळ करण्यात आला. त्यांच्या वृद्ध मातेने राष्ट्रपतींना पत्र लिहून ती हकीकत कळविली. म्हणजे न्यायालयाचे दार बंद, वृत्तपत्रांच्या तोंडावर हात, आणि कोठडीत काय होते याचा ताजा नमुना समोर! अशा वेळी पकडलेल्या माणसाचा ठावठिकाणा विचारणार कोण?

तो विचारला परदेशांतून. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सदस्यांनी सरकारकडे तारा धाडल्या. त्यांत फर्नांडिस यांना ताबडतोब वकील मिळावा व त्यांच्या जिवास अपाय होणार नाही अशी हमी मिळावी, एवढ्याच मागण्या होत्या. सुटकेची मागणी नव्हती, हे नमूद करणे अगत्याचे आहे. ज्याने शस्त्राचा आश्रय केला किंवा त्याचा पुरस्कार केला, त्यास ‘विवेकबंदी’ मानावयाचे नाही, हा त्या संस्थेचा प्रारंभापासूनचा दंडक. नेल्सन मंडेलांसही तिने याच कारणास्तव पुढे त्या यादीतून वगळले होते. फर्नांडिस यांच्यावर तर सुरुंगाच्या कटाचा आरोप होता. परंतु छळ न करणे आणि रीतसर न्याय देणे, हे दोन हक्क सुरुंगवाल्याचेही असतातच. जर्मनीचे विली ब्रांट, ऑस्ट्रियाचे क्रायस्की, स्वीडनचे पाल्म ही समाजवादी मंडळीही स्वस्थ बसली नाहीत. फर्नांडिस यांच्या जिवाविषयीची काळजी त्यांनी इंदिरा गांधींच्या कानी घातली. फर्नांडिस यांच्या पत्नी लैला कबीर (हुमायून कबिरांच्या कन्या, अर्थात् बंगालच्याच लेकी) या सुमारास परदेशी राहून प्रचार करीत होत्या. लंडनमध्ये जयप्रकाशांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या मंडळींनी १५ ऑगस्ट १९७५ च्या ‘टाइम्स’मध्ये मोठे निवेदन छापवून आणीबाणीचा प्रश्न इंग्रजांपुढे आधीच मांडला होता.

या तारांनी तुरुंगाचे दार उघडले नाही. तथापि फर्नांडिस जिवंत राहिले, त्यांना दिल्लीच्या न्यायालयात सर्वांसमक्ष उभे करावे लागले, आणि बेड्या घातलेला त्यांचा हात उंचावलेले ते छायाचित्र पुढे घरोघरी गेले. १९७७ च्या मार्चमध्ये तुरुंगातूनच ते मुजफ्फरपूरहून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्याच कटाच्या संशयावरून धरलेल्या स्नेहलता रेड्डी यांच्यासाठी मात्र युरोपातील कोणी पंतप्रधान लिहिता झाला नाही. दम्याने जर्जर झालेली ही अभिनेत्री बंगळूरच्या तुरुंगातून १५ जानेवारी १९७७ रोजी सुटली आणि पाच दिवसांत वारली.

येथेच आमच्या मनातील खरा प्रश्न उभा राहतो. आणीबाणीचा इतिहास लिहिणारे आपले मराठी लेखक २५ जून १९७५ पासून आरंभ करतात. कलकत्त्यात राहणाऱ्या आम्हांस तसा आरंभ करता येत नाही. येथील तुरुंग त्यापूर्वीच पाच वर्षे भरलेले होते. बंगालसाठी १९७० सालीच हिंसक कृत्यांच्या प्रतिबंधाचा खास कायदा झाला. १९७१ साली ‘मिसा’ आला. ऑगस्ट १९७१ मध्ये काशीपूर-वराहनगर भागात तरुणांची कत्तल झाली. चारू मजुमदार १६ जुलै १९७२ रोजी पकडले गेले व २८ जुलैस, पोलिसांच्या ताब्यात असतानाच, मरण पावले. नक्षलवाद्यांनीही पोलीस, शिक्षक, प्रतिपक्षाचे कार्यकर्ते मारले होते, त्यावर पांघरूण घालण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण पकडलेल्या मुलांपैकी पुष्कळांवर वर्षानुवर्षे खटलाच चालला नाही.

सप्टेंबर १९७४ मध्ये ॲम्नेस्टीने पश्चिम बंगालच्या तुरुंगांविषयी एक छोटेखानी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात बंदिवानांची संख्या पंधरा ते वीस हजार सांगितली होती, आणि कोंदट कोठड्या, बेड्या, मारहाण यांचे वर्णन होते. जगातील तीनशेवर विद्वानांनी, ज्यांत नोम चॉम्स्की आणि सिमोन द बोव्हार होते, त्याच वर्षी भारत सरकारकडे निषेध नोंदविला. सरकारने या साऱ्यास भीक घातली नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनीही ती फारशी घातली नाही. बंगालची कटकट बंगालपाशी, अशी आपली समजूत! तीच हत्यारे पुढे एस. एम. जोशींच्या सहकाऱ्यांवर, दुर्गाबाई भागवतांवर चालली, तेव्हा धार कोठे लावली गेली होती याची आठवण कितीजणांस झाली असेल?

मेरी टायलर या इंग्रज शिक्षिकेचे उदाहरण तर विलक्षण बोलके आहे. कलकत्त्याच्या एका तरुणाशी विवाह करून ती येथे आली, १९७० साली बिहारात पकडली गेली, आणि हजारीबागच्या तुरुंगात खटल्याचा निकाल न लागता पाच वर्षे राहिली. ती ब्रिटनची नागरिक, म्हणून ब्रिटनच्या वकिलातीस तिची विचारपूस करावी लागली. १९७५ साली तिला सोडून मायदेशी पाठविण्यात आले. तिच्या कोठडीशेजारच्या गावंढ्या बायांना कोणती वकिलात? त्यांची नावे जगास कळली ती टायलरबाईंनी १९७७ साली पुस्तक लिहिले म्हणून.

सरकारचे उत्तर ठरलेले असे: हा आमचा अंतर्गत मामला आहे, आणि यामागे परकीय हात आहे. हे उत्तर वाचताना आम्हांस गोव्याची आठवण होते. १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे, मधु लिमये यांच्याप्रमाणेच मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बहरमपूरचे खासदार त्रिदिब चौधुरी हेही पोर्तुगीजांच्या कैदेत पडले. लांबलचक शिक्षा झालेली ही मंडळी १९५७ च्या आरंभी सुटली. गोवा हा पोर्तुगालचा सागरपार प्रांत आहे, सबब तेथील कैद्यांविषयी इतरांनी बोलू नये, असे सालाझारचे म्हणणे होते. आणि २ डिसेंबर १९५५ रोजी डलेससाहेबांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या पत्रकात त्या ‘प्रांत’ शब्दास मान डोलावली, म्हणून आपल्याकडे केवढा संताप झाला होता! त्या वेळी आपणच जगास सांगत होतो की, माणसाच्या छळास सरहद्द नसते. वीस वर्षांनी सालाझारचा युक्तिवाद दिल्लीने उचलला, आणि आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले मधु लिमये मध्य प्रदेशातील नरसिंहगडच्या तुरुंगात स्थानबद्ध झाले.

सरकारचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही नाही. परदेशी सहानुभूती निवडक असते हे फर्नांडिस, टायलर आणि अनाम बंगाली पोरे यांच्याकडे ओळीने पाहिले म्हणजे दिसतेच. ज्याचे मित्र सत्तेवर, त्याची तार लवकर पोहोचते. परंतु निवडक तार नको म्हणून तारच नको, हे तर्कशास्त्र तुरुंगाधिकाऱ्यासच सोयीचे. ‘आनंदबाजार’चे गौरकिशोर घोष लेखणी बंद झाली म्हणून मुंडण करून हिंडले आणि ‘मिसा’खाली आत गेले, त्यांच्यासाठी एक पत्र कमी आले असते तर त्यात कोणाची इभ्रत वाढली असती?

शहा आयोगाने पुढे जो हिशेब मांडला, त्यानुसार आणीबाणीत ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली आणि भारतसंरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांस अटक झाली. आणीबाणीपूर्वीचे बंगालचे बंदिवान या हिशेबात नाहीत. तो आयोगाचा विषयच नव्हता. जून १९७७ मध्ये ज्योती बसूंचे मंत्रिमंडळ आले आणि राजकीय कैद्यांच्या सुटकेचा निर्णय झाला. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक ॲम्नेस्टीला मिळाले. फर्नांडिस तोवर दिल्लीत केंद्रीय मंत्री झाले होते, आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी व अलिपूर तुरुंगांच्या फाटकांतून मुले बाहेर पडत होती. आत जाताना कॉलेजात होती, बाहेर येताना तिशीच्या उंबरठ्यावर.