भट्टी लहान, विद्या मोठी : विदर्भातील पात्याची कथा

१/ यवतमाळलगतच्या लोहारा गावाचे नाव उच्चारताच ऐरण आणि हातोडा आठवतात. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे. परंतु विदर्भात लोखंडी पाते घडू लागले, ते कारखान्यांच्या कितीतरी आधी आणि अगदी अल्प साधनांत.

२/ नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. काळ सुमारे इ. स. पू. ७ वे शतक. सामग्री कोणती? वक्र विटा आणि भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या. त्याच संस्कृतीच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळांत मृतांसोबत पुरलेल्या कुऱ्हाडी व खंजीर मिळाले.

३/ ही काटकसर पुढे भटक्या घिसाडी समाजातही दिसते. भाता, ऐरण, हातोडा, सांडशी : सारा कारखाना एका गाडीवर. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता, विळा, सुरी घडते.

४/ मग अवघड ते काय? पात्याला ‘पाणी देणे’. तापलेल्या पोलादाचा रंग ओळखून ते नेमक्या क्षणी बुडवावे लागते. ताव कमी पडला तर धार वळते. अति झाला तर पाते ठिसूळ होते. नंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसला पुन्हा मंद तापवले, की घासलेल्या पात्यावर फिकट पिवळी झाक येते आणि ठिसूळपणा उतरतो.

५/ नैकुंडच्या विटा २७०० वर्षे टिकल्या. तो रंग ओळखणारी नजर मात्र उत्खननात सापडत नाही. ती भात्याशेजारी बसूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते. भाता विझला, की तीही विझते.