उपास, उपासमार आणि पथ्य



१७ फेब्रुवारी १९४३ या दिवशी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सभासदांनी राजीनामे दिले. होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार हे त्यांपैकी दोघे. तिसरे होते आपल्या वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींच्या उपवासाचा तो आठवा दिवस होता. सरकार त्यांना सोडावयास तयार नव्हते आणि त्या धोरणाचे भागीदार राहणे या तिघांना मान्य नव्हते.

या प्रसंगाची राजकीय बाजू आपण पुष्कळदा ऐकली आहे. आज आम्हांस दुसरी बाजू पाहावयाची आहे. अन्न अगदी तुटपुंजे झाले किंवा थांबलेच, म्हणजे देहाचे काय होते? त्यात लाभ किती आणि धोका किती? हा प्रश्न जुना खरा, पण आज घरोघरी आला आहे. वजन उतरविण्यासाठी, मधुमेह घालविण्यासाठी कोणी महिना महिना रसावर राहतो, कोणी एकाच लहानशा जेवणावर. अशा वेळी इतिहासाची साक्ष काढलेली बरी.

प्रथम माप ठरवू. अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत, म्हणजेच कॅलरीत, मोजतात. दिवसाला ८०० उष्मांकांहून कमी देणाऱ्या आहारास वैद्यक ‘अत्यल्प उष्मांकांचा आहार’ म्हणते. ज्वारीच्या हिशेबाने हे पाव किलोहूनही थोडे कमी पीठ झाले. एरवी प्रौढ माणसाला याच्या दुपटी-तिपटीने लागते. आमच्या ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या उपासाचा येथे संबंध नाही. साबुदाणा, दाणे आणि तूप यांच्या फराळाने उष्मांक कमी होत नाहीत, बहुधा वाढतातच.

आता १८७७ सालाकडे जाऊ. दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सरकारने दुष्काळी कामे काढली होती आणि खर्च कमी करावा म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे नवे माप सुचविले. काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे! एक पौंड धान्य म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, अर्थात पंधरा-सोळाशे उष्मांक. आज आपण ज्यास अत्यल्प आहार म्हणतो त्याच्या हे दुप्पट आहे, हे ध्यानात ठेवावे. तरीही मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापास कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. खडी फोडणाऱ्याचे पोट एवढ्यावर चालत नाही, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना कळत होते.

त्यांचे म्हणणे खरे होते, याचा पुरावा सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे उलटल्यावर अमेरिकेत मिळू लागला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवले. आकडा पाहा, टेंपलसाहेबांच्या एका पौंडाशी तो जवळजवळ जुळतो. त्या तरुणांना खडी फोडावयाची नव्हती, आठवड्याला सुमारे पस्तीस किलोमीटर चालावयाचे होते. तरी त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने उतरले. नाडी मंदावली, पायांवर सूज आली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. मन चिडचिडे आणि उदास झाले, आणि दिवसभर अन्नावाचून दुसरा विचार सुचेना.

असे का होते? यकृतातील साखरेचा साठा एखाद्या दिवसात संपतो. मग देह चरबी जाळू लागतो, आणि काही दिवसांनी मेंदूही त्या चरबीपासून बनलेल्या पदार्थांवर पुष्कळसे काम भागवितो. परंतु चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. म्हणून ज्याच्या अंगी शिल्लक आहे तो काही काळ तग धरतो; ज्याच्या अंगी ती नाही, त्याचे भांडवलच खर्ची पडू लागते.

त्र्याहत्तर वर्षांच्या गांधीजींच्या अंगी अशी शिल्लक ती कितीशी असणार? तो उपवास आमरण नव्हता, एकवीस दिवसांच्या मुदतीचा होता. पाणी घशाखाली उतरावे म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळण्याची सवलत त्यांनी आरंभीच ठेवली होती. भोवती डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर यांच्यासारखी जाणती माणसे होती. तरीही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात प्रकृती अत्यंत चिंताजनक झाली, आणि पाण्यात मोसंब्याचा थोडा रस गेल्यावर ती सावरली. मार्चच्या आरंभी कस्तुरबांच्या हातून पाणी घातलेला संत्र्याचा रस घेऊन त्यांनी उपवास सोडला. तो पेलाभर रसही त्यांनी घोट घोट करून सावकाश घेतला. पुढले काही दिवस रसच, आणि मग शेळीचे दूध व फळे.

हा सावकाशपणा म्हणजे केवळ व्रताचा शिष्टाचार नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेली कित्येक माणसे पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली. याचे कारण आता नीट कळले आहे. दीर्घ उपासानंतर एकाएकी भात-साखर पोटात गेली, की इन्शुलिन उसळते. रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये ओढली जाऊन पेशींत जातात, रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि हृदय बंद पडू शकते.

मग या आहारात लाभ नाहीच काय? आहे, आणि तो मोठा आहे. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेह जडून सहा वर्षे न झालेल्या, वजनदार माणसांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचे, सर्व आवश्यक द्रव्ये घातलेले पेय दिले. पुढे हळूहळू नेहमीचे अन्न सुरू केले. वर्षअखेरीस त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून आटोक्यात होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

पण त्याच्या चाळीस वर्षे आधीची हकीकतही सांगितली पाहिजे. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत प्राण्यांच्या कातड्यापासून व स्नायुबंधांपासून काढलेल्या निकस प्रथिनाचे पेय ‘वजन उतरविणारे’ म्हणून खपले. पुष्कळांनी ते डॉक्टरावाचून महिनोन्‌महिने घेतले. सुमारे साठ मृत्यू नोंदले गेले, त्यांत हृदयाची लय बिघडून एकाएकी गेलेले पुष्कळ होते. उष्मांक थोडे, हे दोन्हीकडे सारखेच. एका ठिकाणी आहार पुरा होता, मुदत ठरलेली होती आणि देखरेख होती. दुसऱ्या ठिकाणी यांतले काहीच नव्हते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. थोडे अन्न हे स्वतः औषधही नव्हे आणि विषही नव्हे. अंगी शिल्लक किती, मुदत किती, त्या थोड्या अन्नात आहे काय आणि पाहणारे कोण, यावर त्याचे फळ ठरते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू ठेवून मनाने आहार तोडणाऱ्याची साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. वजन झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होतात. गर्भवती, वाढती मुले, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रोगी यांनी तर या वाटेस जाऊच नये. आणि जी बाई दिवसभर निंदण करते, जिच्या अंगावर मूठभर मांस नाही, तिने श्रावणभर कडक उपास धरले तर घरच्यांनी त्याचे कौतुक करू नये. तिच्या ताटात वाढावे. तिच्या बाबतीत उपास आणि उपासमार यांत अंतर फार थोडे उरते.

आमच्या पूर्वजांनी उपासाबरोबर पारणेही सांगून ठेवले. उपास धरताना त्याच्या पारण्याची तजवीज ज्याने केली नसेल, त्याने तो धरू नये हे उत्तम.